गाण्याचा सातबारा

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या संस्थानिकाच्या तनख्यावर नव्हे, लोकवर्गणीवर आणि स्वतःच्या गाण्याच्या कमाईवर. पुढे मुंबईत शाळेसाठी इमारत बांधायला कर्ज झालं. ते फेडण्यासाठी पंडितजी गावोगाव गात फिरत होते, आणि १९२४ साली ते असे दौऱ्यावर असतानाच कर्ज देणाऱ्यांनी शाळेची मालमत्ता जप्त करून लिलावात काढली. त्यांची अखेरची वर्षं नाशिकला गेली, पंचवटीतल्या रामनाम आधार आश्रमात. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्मही नाशिकचाच, १९२१ चा.

नाशिकच्या गायक-वादकांत पैशाचा विषय निघाला की मला तो लिलाव आठवतो. पंडितजींकडे त्या काळात शक्य असलेली बरीच साधनं होती: तिकीट लावून मैफल, विद्यार्थ्यांची फी, स्वरलिपीची पुस्तकं. नव्हती ती एकच गोष्ट, एकदा गायलेलं गाणं पुन्हा कुठेही वाजलं की पैसे आणून देणारी. आज ती आहे. कायद्यात आहे, यूट्यूबवर आहे, मोबाइलच्या कॉलर ट्यूनमध्येसुद्धा आहे. कमी पडतो तो कागद.

एका गाण्याला दोन मालक्या असतात. एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चालीची. दुसरी ध्वनिमुद्रणाची, ज्याला स्टुडिओत सगळे 'मास्टर' म्हणतात. सातबाऱ्यावर जसं सातमध्ये मालकाचं नाव आणि बारामध्ये पिकाची नोंद, तसंच हे आहे. फरक इतकाच, की जमिनीचा उतारा बघितल्याशिवाय कुणी विहीर खणत नाही आणि गाण्याच्या बाबतीत मात्र पीक वर आल्यावर मालक कोण याची चौकशी सुरू होते.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मालेगाव, सटाणा, देवळा, कळवण या पट्ट्यातून आणि पलीकडे खानदेशातून अहिराणी गाण्यांचा यूट्यूबवर मोठा बाजार उभा राहिला. कुठल्याही मोठ्या कंपनीची मदत नाही, तरी काही गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली. पण पद्धत काय? गीतकार शब्द आणतो, बहुधा चालही त्याचीच. चॅनलवाला स्टुडिओचा, ट्रॅकचा, चित्रीकरणाचा खर्च करतो आणि गीतकार-गायकाच्या हातावर एकरकमी पैसे ठेवतो. व्यवहार तोंडी. गाणं चाललं नाही तर चॅनलवाल्याचं नुकसान, हे मान्य. पण चाललं, की लग्नाच्या हंगामात ते प्रत्येक डीजेवर वाजतं आणि ज्याच्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं त्याला त्यातून काहीच मिळत नाही. भांडण होतं ते दोन वर्षांनी, आणि तेव्हा दाखवायला व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक व्हॉइस मेसेज असतो.

खरं तर कायदा इथे कलाकाराच्या बाजूने आहे. प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट कायदा १९५७ चा; त्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा तोडून घेता येत नाही. हक्क विकला तरी, सिनेमागृहात दाखवला जाणारा चित्रपट सोडला, तर बाकीच्या वापरावरचा रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडेच राहतो. तो फक्त वारसांना किंवा प्रताधिकार संस्थेलाच, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. शिवाय हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावंच लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर तो परत येतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या' अशी ओळ करारात दिसली की तिथे पेन खाली ठेवून आकड्यावर पुन्हा बोलायचं. ही ओळ फुकट द्यायची नसते.

हा कागद करायला वकील लागत नाही, एक पान पुरतं. वर गाण्याचं नाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख. मग शब्द कुणाचे, किती टक्के, चाल कुणाची, किती टक्के, मास्टर कुणाचा, गायकाला एकरकमी मानधन की कमाईत हिस्सा, वाद्यमेळ बांधणाऱ्या अरेंजरचं काम मोबदल्यावर संपलं की त्याचाही वाटा आहे. खाली सगळ्यांची नावं पॅन कार्डावर आहेत तशी, सह्या आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एकेक फोटो. वेळ कोणती, तर रफ मिक्स, म्हणजे गाण्याचं पहिलं कच्चं रूप, ऐकायच्या आधीची. गाणं चांगलं झालंय असं कळल्यावर प्रत्येकाला आपलं योगदान दुप्पट वाटायला लागतं. नावाच्या स्पेलिंगवर जरा थांबतो, कारण पैसे अडकण्याचं ते फार क्षुल्लक आणि फार नेहमीचं कारण आहे: पोस्टरवर एक नाव, बँकेत दुसरं, यूट्यूबच्या वर्णनात आडनावाशिवाय. संगणकाला ही तीन माणसं वाटतात.

नाव नोंदलं की वसुली करणाऱ्यांकडे जायचं. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस, ही १९६९ पासूनची संस्था. २०१७ मध्ये तिची दुरुस्त कायद्याखाली प्रताधिकार संस्था म्हणून नोंदणी झाली. गायकांसाठी २०१३ मध्ये वेगळी संस्था निघाली, ती आज इसम्रा या नावाने वादकांनाही धरून चालते. आयपीआरएसचं सभासदत्व घ्यायला प्रसिद्ध झालेली रचना, पॅन, बँकेचा तपशील आणि वारसदाराचं नाव लागतं. पण सभासद होऊन स्वस्थ बसणारे बरेच असतात. प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं, वाट्याच्या टक्क्यांसकट, आणि तिथे ते एका पानाचं पत्रक कामी येतं. दोन भागीदारांनी साठ-साठ टक्के लिहून पाठवले, तर वाद मिटेपर्यंत पैसे थांबतात. आणि एक भाबडी आशा आधीच सोडलेली बरी: लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक विधीत गाणं वाजलं तर कायद्याने ते प्रताधिकाराच्या बाहेर आहे. नाशिकच्या वरातींतून रॉयल्टी येणार नाही.

आता स्ट्रीमिंग. यावर नवख्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात कमी पैसे येतात, म्हणून मीही थोडक्यात आटोपतो. स्पॉटिफाय, जिओसावन, अ‍ॅपल म्युझिक यांच्यावर गाणं वितरकामार्फत जातं. अशा वितरकांपैकी डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणी घेतं आणि वर्गणी थांबली की गाणी उतरतात, त्यासाठी आधीच वेगळे पैसे भरले नसतील तर. सीडी बेबी प्रत्येक गाण्याचे किंवा अल्बमचे एकदाच पैसे घेतं आणि कमाईतले नऊ टक्के ठेवतं. वर्षाला दोन गाणी करणाऱ्याला दुसरी पद्धत परवडते, महिन्याला एक करणाऱ्याला पहिली. एका ऐकण्याला ठरलेला दर नसतो. जमा झालेल्या रकमेतला हिस्सा मिळतो, आणि स्पॉटिफायवर तीस सेकंदांनंतरच ऐकणं मोजलं जातं. म्हणजे पंचेचाळीस सेकंदांचा नुसता वातावरणनिर्मितीचा तुकडा सुरुवातीला ठेवायचा की नाही, हा प्रश्न सौंदर्याइतकाच हिशेबाचाही आहे. २०२४ पासून तिथे मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे दहा गाणी एका रात्रीत टाकण्यापेक्षा एकेक गाणं सहा आठवड्यांच्या अंतराने टाकणं शहाणपणाचं. प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी कलाकाराच्या खात्यातून पाठवावं लागतं. वितरकाला पोहोचवायचा वेळ धरता फाइल तीन-चार आठवडे आधी तयार हवी. चौकोनी चित्र ३००० गुणिले ३००० पिक्सेलचं, फाइल वेव्ह, आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास. आणि वितरक बदलताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक तोच ठेवायचा. नवा घेतला की जुना ऐकण्याचा आकडा शून्यावर येतो.

यूट्यूबचं गणित मराठी माणसाला जास्त जुळतं, कारण आपल्याकडे गाणं बघितलं जातं. जाहिरातीच्या कमाईसाठी हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओतले ५५ टक्के, शॉर्ट्सचे ४५ टक्के आपल्याला. पैसे गूगलच्या अ‍ॅडसेन्समार्फत येतात आणि शंभर डॉलर जमल्यावरच खात्यात पडतात. अ‍ॅडसेन्समध्ये अमेरिकी कराचा फॉर्म भरून, पॅन देऊन भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ घेतला तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर पंधरा टक्के कापतात. फॉर्मच भरला नाही तर जगभरच्या कमाईतून चोवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. दहा मिनिटांचं काम आहे.

खरा घोळ होतो कंटेंट आयडीत. दुसऱ्याने आपलं गाणं वापरलं की त्याच्या व्हिडिओची कमाई आपल्याकडे वळवणारी ही सोय वितरक थोडा वाटा घेऊन देतात. पण गाण्यात फुकट मिळालेला लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा तयार तुकडा, किंवा अनेकांना विकलेला बीट असेल, तर ते तिथे देता येत नाही. तोच लूप वापरणाऱ्या परक्या माणसाच्या व्हिडिओवर आपला दावा लागतो, तो आक्षेप घेतो, आणि असे चार-सहा आक्षेप झाले की वितरक ही सोयच काढून घेतो.

भक्तिगीतांचा प्रश्न वेगळा. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री अभंग, आरत्या, स्तोत्रांना मरण नाही. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. चाल मात्र सर्वांची नसते. आपण जी 'पारंपरिक' म्हणून गातो ती बहुतेकदा गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कुणा संगीतकाराने बांधलेली असते, आणि रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. तशी चाल घेतली की व्हिडिओचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. उपाय सोपा नाही, पण सरळ आहे: अभंग तोच, चाल स्वतःची. ती रचना म्हणून आपल्या नावावर नोंदते, आणि भजनी मंडळांनी उचलली तर पुढची कित्येक वर्षं देत राहते.

कार्यक्रमाचे पैसे मात्र आजही सगळ्यात लवकर हातात पडतात. गंगापूर धरणाच्या बाजूची रिसॉर्ट्स आणि वायनरी, गंगापूर रोड आणि कॉलेज रोडचे कॅफे इथे शनिवार-रविवारची सुपारी मिळते. ती ठरवताना गाण्यांवर नाही, वेळेवर बोलायचं: चाळीस मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये वीस मिनिटं विश्रांती, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाचा वेगळा दर. निम्मे पैसे तारीख धरताना. संगीत वाजवण्याचे परवाने जागेच्या मालकाने काढायचे, हेही पत्रात. नियमाप्रमाणे रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद होतो, काही सणांचे दिवस सोडून. म्हणून पाहुण्यांच्या सत्कारात पाऊण तास गेला तर तो कलाकाराच्या मानधनातून कापायचा नाही, ही ओळ मराठी आयोजकाशी करार करताना विसरू नये. सत्कार होणारच.

स्वतःची बैठक लावायची तर आकडे आधी मांडावेत. समजा सत्तर खुर्च्यांची जागा आणि तीनशे रुपये तिकीट. पूर्ण भरली तर एकवीस हजार. खर्च: जागा तीन हजार, ध्वनिव्यवस्था चार हजार, तबला तीन हजार, संवादिनी अडीच हजार, चहा-छपाई-फुलं दीड हजार, एकूण चौदा हजार. म्हणजे सत्तेचाळीस तिकिटं विकली जाईपर्यंत गायक पदरचे पैसे घालतो आणि हॉल भरला तरी त्याच्या हाती सातच हजार राहतात. तिकीट चारशे केलं तर पस्तीसावर खर्च निघतो. माणसं वाढवण्यापेक्षा तिकीट वाढवणं बहुतेक वेळा सोपं असतं, पण आपल्याला ते मागायला संकोच वाटतो, आणि ओळखीच्यांना पास वाटण्यात पहिल्या दोन रांगा जातात. पास दहाच्या वर नकोत.

त्याच संध्याकाळी आणखी दोन-अडीच हजारांत प्रत्येक माईकचा आवाज वेगळा मुद्रित करून घेतला, तर दोन तासांच्या मैफलीतून चार-पाच प्रकाशित करण्याजोगी ध्वनिमुद्रणं निघतात. स्टुडिओत तेवढ्यात एखादं गाणंही धड होत नाही. प्रेक्षकांच्या खोकल्याची भीती असते; ती माईक जवळ ठेवून आणि मॉनिटरचा आवाज कमी ठेवून बरीच आवरते. मात्र साथीदारांची लेखी संमती कार्यक्रमाआधी घ्यायची. सादरकर्ता म्हणून तबलजीचाही त्या ध्वनिमुद्रणावर कायदेशीर हक्क आहे, तो पन्नास वर्षांचा.

एका वस्तूकडे नाशिकने अजून धंदा म्हणून बघितलेलंच नाही, असं मला वाटतं: नाशिक ढोल. नाव मुंबईपासून पार परदेशातल्या मिरवणुकांपर्यंत गेलं, पण विकली जाते ती फक्त पथकाची सुपारी. गणेशोत्सव संपला की ढोल गोदामात. या आवाजाचे लूप आणि सुटे ठोके वर्षभर विकता येतात, कारण जाहिराती आणि चित्रपटांचं पार्श्वसंगीत करणाऱ्यांना खरा, मोकळ्यावर मुद्रित केलेला ढोल सहज मिळत नाही. काम असं: भिंतींपासून दूर मोकळं मैदान, पहाटेची वेळ, ढोल ताणून घेतलेले. टिपरूच्या बाजूला एक माईक, थापेच्या बाजूला दुसरा, आणि पूर्ण ताफ्यासाठी वीसेक फुटांवर माईकची जोडी. आधी एकच ढोल, मग चार, मग पूर्ण पथक. ताशा आणि झांज स्वतंत्र. वादकांच्या कानात लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम हवाच. रंगात आलेलं पथक लय वाढवत नेतं. मिरवणुकीत ती मजा असते, पण लूप त्यामुळे फुकट जातो. मिनिटाला ९०, १००, ११० आणि १२० ठोके अशा लयींत प्रत्येक ठेका आठ आवर्तनं वाजवून घ्यायचा. चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, वर रिव्हर्बचा घुमारा नाही, आवाज दाबणारा कॉम्प्रेसर नाही. फाइलच्या नावातच वाद्य, ठेका आणि लय. सुट्या ठोक्याला हलका, मध्यम, जोरकस असे किमान चार-चार नमुने हवेत, नाहीतर वापरणाऱ्याला ते यंत्रासारखं ऐकू येतं. परवान्यात लिहायचं: विकत घेणाऱ्याने आपल्या संगीतात हवं तितकं वापरावं, लूप म्हणून पुन्हा विकू नये. आणि हेच लूप घालून केलेलं स्वतःचं गाणं कंटेंट आयडीत टाकायचं नाही, नाहीतर दावा आपल्याच गिऱ्हाइकावर लागतो. पथकाशी हिस्सा आधी ठरवायचा. चाळीस जणांना वाटा देण्यापेक्षा पथकाच्या नावे एकच टक्केवारी सुटसुटीत पडते.

शिकवण्या हा बहुतेकांचा कणा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे स्थानिक विद्यार्थी टिकतात. परदेशातले जास्त फी देतात, पण ऑनलाइन वर्गाची तंत्रं वेगळी. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू केलं नाही तर ते तानपुऱ्याला गोंगाट समजून खाऊन टाकतं. आवाज पोहोचायला लागणाऱ्या वेळामुळे एकत्र गाता येत नाही. तानपुरा विद्यार्थ्याच्या बाजूला वाजवायचा, आणि आपण गाऊन थांबायचं, मग त्याने गायचं. वेळ विद्यार्थ्याच्या घड्याळाप्रमाणे ठरवावी: नाशिकचे सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अर्धे वर्ग चुकतात ते यामुळेच. फी आठ वर्गांची आगाऊ.

राहिला हिशेब. २०२७ च्या सिंहस्थाच्या आधी आणि त्या काळात नाशिकमध्ये संस्थांचे, सरकारी, प्रायोजकांचे कार्यक्रम वाढतील, आणि असे पैसे बिल दिल्याशिवाय निघत नाहीत. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बिल द्यायचं: क्रमांक, तारीख, पॅन, बँकेचा तपशील, ठरल्याच्या पत्राची प्रत. त्यातून बहुधा दहा टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नसेल तर वीस. विवरणपत्र भरलं तर तो हिशेबात धरला जातो, जास्त कापला असेल तर परत येतो. लोककला किंवा शास्त्रीय संगीताच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या बँडला ही सूट लागू होत नाही, पण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीचीच गरज नसते. आणि संस्था पूर्ण रकमेचा धनादेश मुख्य गायकाच्या नावे काढते. तबला-संवादिनीचे पैसे त्यातून रात्री पाकिटात रोख दिले, तर त्या पैशांवरचा करही गायकाच्याच माथी बसतो. ते यूपीआयने द्यावेत आणि साथीदाराकडून एका ओळीची पावती घ्यावी.